आत्यानं कातायची लोकर

भावाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते, आणि ऑफिसात असलं की माणूस कशालाही पटकन हो म्हणून टाकतो. भाचीचं लग्न ठरल्याचं मला आधीच कळलं होतं. त्यानं फोन केला होता तो वेगळ्याच कामासाठी.

"आक्का, सुतवायची लोकर तुझ्याकडं बरं का," तो म्हणाला. मागं तुर्भ्याच्या मार्केटातला आरडाओरडा चालू होता. "थोरल्या आत्यांचा हात आता चालत न्हाय. आन पोरीची आत्या तूच की."

"करते की," मी म्हणाले, फोन ठेवला आणि समोरच्या फाईलवर सही केली. हाताला तेवढं तरी जमत होतं.

सुतवणं बऱ्याच घरांत असतं. हळदीला नवरीला पाटावर बसवतात, चारी कोपऱ्यांना चार बायका तांबे धरून बसतात आणि त्या तांब्यांभोवती धाग्याचे वेढे घालतात. मग तोच धागा काढून, पिळून, हळदीत भिजवून त्यात हळकुंड बांधायचं, की नवरीच्या मनगटावरचं कंकण झालं. इतरांकडं पांढरं सूत असतं. आम्ही धनगर, आमच्याकडं काळी लोकर. आणि निदान आमच्या भावकीत तरी ती विकतची चालत नाही. नवरीच्या आत्यानं आपल्या हातानं टकळीवर कातायची, सलग, एकही गाठ न मारता. माझ्या लग्नात याच थोरल्या आत्यांनी कातली होती. धागा असा एकसारखा की मशिनचा वाटावा. तेव्हा मला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. मनगटाला खाज येते म्हणून मी कुरकुरत होते एवढंच आठवतं.

मला कातता येत नाही. आमच्या माण तालुक्याकडच्या बायका मेंढरांमागं चालता चालता कातायच्या, गप्पा मारता मारता कातायच्या, पण मी पाचवीपासून वसतिगृहात, मग कॉलेज, मग बेलापूरची नोकरी आणि कामोठ्याचा फ्लॅट. सुट्टीत घरी गेले तरी मला कुणी टकळी घेऊन बसवलं नाही. भावाला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. तो मिसरूड फुटायच्या आत मार्केटात आला. बायकांना जशा भाकरी येतात तसं कातणंही येत असणार, असा त्याचा हिशोब.

सरळ आईकडं जावं, असं आधी ठरवलं. ती भावाकडं कोपरखैरण्याला असते. रविवारी गेले, चहा झाला आणि मी हळूच विषय काढला.

"दुकानातनं आन की काळी लोकर," आई म्हणाली. "कोन बगतंय?"

"अगं, पण विकतची चालत नाही ना?"

"समदं चालतंया. तुला कशाला त्यो उद्योग? तू तुजं हाफिस बग."

"तू नुसतं दाखव. बाकी मी करते."

"माजी बोटं आकडल्यात," ती म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. बोटं आखडली होती हे खरं होतं. पण सकाळीच तिनं माझ्यासमोर परातभर मेथी निवडली होती. मला फार लागलं ते. हिला वाटतं, मला जमायचं नाही. आता करूनच दाखवते, असं मनाशी म्हणत मी रिक्षात बसले.

त्या 'करून दाखवते'चा शेवट खारघरच्या एका उंच बिल्डिंगमधल्या फ्लॅटमध्ये झाला. तिथं एक मुलगी रविवारी हातकताईचा क्लास घ्यायची. मुलगी म्हणजे माझ्या भाचीहून चार-सहा वर्षांनी मोठी. ऐरोलीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची आणि हे सगळं व्हिडिओ बघून शिकलेली. क्लासात आम्ही मोजक्याच बायका. बाकीच्या सगळ्या छंद म्हणून आलेल्या, टेन्शन कमी होतं म्हणून. मी एकटीच टेन्शन घेऊन आले होते. लोकर परदेशी, दुधासारखी पांढरी, पाकिटातून निघालेली. तिला वास म्हणून नव्हता.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "काकू, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"साताऱ्याच्या. माण तालुका."

तिचे डोळे चमकले. "माण? म्हणजे तुम्ही... सॉरी हां, विचारलं तर चालेल ना? धनगर?"

मी हो म्हणाले. का म्हणू नये?

"ओ माय गॉड!" तिनं टाळीच वाजवली. "गाइज, यांच्याकडे हे जनरेशन्स चालत आलंय! आपण सगळे नुसते हौशी आहोत. काकू, प्लीज, तुम्हीच आधी दाखवा ना. आम्ही बघतो."

"मला येत नाही," एवढंच बोलायचं होतं. हे तीन शब्द बोलायला मला आजवर कधी जड गेलं नव्हतं. साहेबांना तोंडावर सांगितलंय मी, हे एक्सेलचं मला येत नाही म्हणून. पण त्या बायकांनी तोवर मोबाईल वर धरले होते, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर असा काही आदर होता की मी पदर खोचला. मी उठले. टकळी हातात घेतली. लहानपणी पाहिलेलं आठवून तिला गिरकी दिली आणि सोडली. धागा तुटला, टकळी फरशीवर आपटली, गडगडत सोफ्याखाली गेली. मी, पन्नाशीची बाई, साडीचा घोळ सावरत गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली हात घालत होते, आणि वर कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "त्यांची टकळी वेगळी असते ना, म्हणून."

वाटलं, त्या सोफ्याखाली मावले असते तर तिथंच राहिले असते.

तरी पुढच्या रविवारी गेले. न जाऊन सांगते कुणाला? लग्न तोंडावर आलेलं, आणि भाचीचा एक मेसेज आला होता. ती वाशीला एका लॅबमध्ये कामाला आहे, देवाधर्माचं तिला फारसं नाही. पण तिनं लिहिलं होतं, 'आत्या, बाकी सगळं हॉलवाले करणारेत, डेकोरेशनपासून जेवणापर्यंत. तुझं कंकण तेवढं घरचं.' त्याखाली बदाम.

क्लासातल्या मुलीला एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, तिच्यात चिकाटी भरपूर होती. तिनं माझा हात हातात धरून शिकवलं. डाव्या हाताच्या चिमटीनं लोकर थोडी थोडी सोडायची, उजव्या हातानं टकळीला गिरकी द्यायची, पीळ चिमटीपर्यंत चढू द्यायचा, घाई करायची नाही. ऐकायला सोपं. पण पीळ बारीक जागी आधी पळतो आणि जाड जागा कच्चीच राहते. माझा धागा म्हणजे कुठं दोरा, कुठं गाजर. टकळीचा भार आला की गाजराच्या बुडाशी तुटायचा.

"तुटू दे ना काकू, नो टेन्शन," ती म्हणायची. "लोकरीचं हेच बेस्ट असतं. दोन्ही टोकं अशी विसकटायची, एकमेकांवर ठेवायची, थुंकी लावायची आणि तळहातात जोरात घासायचं. बघा. गाठ नाही, काही नाही."

"पाणी लावलं तर?"

"पाण्यापेक्षा थुंकी भारी. जगभर असंच करतात."

पहिल्यांदा मला ओकारीच आली. मग सवय झाली. घरी गॅलरीत उभी राहून रोज सकाळी ऑफिसच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर सराव करायची. तुटलं की टोक तोंडात, ओलं केलं, घासलं, पुढं. इतक्यांदा तुटायचं की कातणं राहिलं बाजूला, जोडण्यात माझा हात बसला. मला डोळे मिटून जोडता यायला लागलं. नवरा पेपरातून डोकं काढून म्हणायचा, "काततेस की खातेस?" खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं की वरती रोज काय आपटतं. मी उत्तर दिलं नाही. नवऱ्यानं दिलं, 'परंपरा'. मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

मग गावाकडनं खरी लोकर आली. जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची, काळीभोर. चुलतभावानं एसटीनं पाठवली आणि मी ती कळंबोलीहून घेऊन आले. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत होती आणि तिला मेंढरांचा वास होता, उग्र, उन्हातल्या मेंढवाड्याचा. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू शिरल्या. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"काय मेलंय का हो इथं?"

पिशवी माझ्या हातात होती. मी ती हळूच पायामागं घेतली आणि म्हणाले, "हो ना, कचरेवाला दोन दिवस आला नाही वाटतं."

माझा मजला येईपर्यंत मी लिफ्टचे आकडे बघत राहिले. घरात आल्यावर पिशवी उघडली आणि नाक खुपसून बसले. माझ्या आजोळाचा, चुलत्यांचा, सगळ्यांच्या अंगाचा वास तो. स्वतःचीच इतकी लाज वाटली की संध्याकाळचा चहासुद्धा करावासा वाटला नाही.

हळदीच्या आदल्या रविवारी क्लासातल्या मुलीनं माझा धागा बोटांवरून फिरवून पाहिला. लांबी झाली होती. पण जागोजागी गाजरं होती आणि बारीक जागा तर बघवत नव्हत्या.

"काकू, मी कातून देऊ का?" ती म्हणाली. "हीच लोकर. बसल्या बसल्या होईल. कुणाला कळणारही नाही."

तिच्या मनात चांगलंच होतं. पण मी अशी काही बोलले की तिचा चेहराच उतरला. "आमच्याकडं आत्याच्या हातचीच लागते," मी म्हणाले, जसं काही आमच्या घरातल्या बायका युगानुयुगं मला विचारूनच कातत होत्या. परत येताना रिक्षात वाटलं, घ्यायला हवा होता. घेतला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

हळद घणसोलीच्या एका हॉलमध्ये होती. नवऱ्याकडच्या बायका पनवेलहून हळद घेऊन आल्या होत्या. सगळ्या एकसारख्या पिवळ्या साड्यांत, शिकल्यासवरल्या, हसऱ्या. आमच्या बाजूला माणहून आलेल्या म्हाताऱ्या, डोक्यावर पदर, भिंतीकडेला रांगेनं बसलेल्या. थोरल्या आत्या खुर्चीत होत्या, त्यांचा उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. आई त्यांच्या शेजारी. भाची पाटावर बसली, चार कोपऱ्यांना तांबे घेऊन चौघी. व्हिडिओवाला समोर उभा राहिला आणि म्हणाला, "हां मॅडम, सावकाश, माझ्याकडे बघून."

मी धाग्याचा गुंडा सोडला आणि वेढे घालायला लागले. गाणी चालू झाली. भाची माझ्याकडं बघून हसली. पहिला वेढा गेला, दुसरा गेला, मला वाटायला लागलं, जमलं. तोवर एका पिवळ्या साडीनं कौतुकानं विचारलंसुद्धा, "यांनी स्वतः कातलंय? ग्रेट हां!" आणि आमच्या वहिनी अभिमानानं म्हणाल्या, "आमच्यात आत्याच कातत्यात."

शेवटच्या वेढ्याला, शेवटच्या तांब्यापाशी धागा तुटला.

गाणं थांबलं. आणि मला काही विचार करायला वेळच मिळाला नाही. हातानं आपलं काम केलं. दोन्ही टोकं विसकटली, तोंडात घातली, चांगली ओली केली, तळहातावर ठेवली आणि घासायला लागले. गॅलरीत रोज करत होते तसं. माझं मलाच कौतुक वाटलं क्षणभर, किती पटकन जोडलं म्हणून.

"अहो!" पिवळ्या साड्यांतली एक वयस्कर बाई ओरडली. "तोंडात काय घातलंत? उष्टा केलात की धागा!"

तेव्हा कुठं मला कळलं मी काय केलं ते. देवाधर्माचा धागा, नवरीच्या कंकणाचा, आणि मी तो भर मांडवात चोखला होता. आमच्या म्हाताऱ्यांतली एक हळू आवाजात दुसरीला म्हणाली, "हळदीच्या पान्यात बुडवायचं आसतंय." म्हणजे उपाय होता. हाताशी होता. हळदीच्या पाण्याची वाटी माझ्या पायाशीच ठेवलेली होती, आणि ती कशासाठी ठेवलीय हे त्या रांगेतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

"आता दुसरा आणा कुठूनतरी," कुणीतरी म्हणालं. "असला कसा बांधायचा?" वहिनींचा चेहरा पांढरा पडला. भाऊ हॉलच्या दारातून बघत होता. मी धाग्याची जोडलेली जागा मुठीत धरून उभी. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी मनापासून म्हटलं.

आणि आई उठली.

ती चारचौघांत बोलणारी बाई नाही. लग्नाकार्यात कुणी फोटोला बोलावलं तरी मागं सरते. ती पदर सावरत पुढं आली आणि पनवेलच्या बायकांसमोर तिनं हात जोडले.

"तिला बोलू नगा बाई," ती म्हणाली. "तिला ठाव न्हाय. मीच शिकू दिलं न्हाय. माज्या हातात टकळी आली तवा माजी शाळा सुटली. हिचीबी सुटंल म्हनून मी घरात टकळी ठिवली न्हाय. ही सुट्टीला आली की मी लोकरबी चुलतीच्या घरी ठिवायची. ही चूक माजी हाय. तिची न्हाय. पदरात घ्या."

ती ओरडणारी बाईच ओशाळली. "अहो, तसं नाही हो आजी," म्हणत तिनं आईचे हात धरले. भाची पाटावरूनच म्हणाली, "आत्या, बुडव ना त्या वाटीत आणि घाल वेढा. मला इथं एसीत थंडी वाजतेय." सगळ्या हसल्या, जरा जास्तच हसल्या. मी धागा हळदीच्या पाण्यात बुडवला, वेढा पुरा केला. कंकण बांधलं गेलं. लग्न व्यवस्थित झालं, भाची सुखात आहे, आणि पनवेलच्या त्या बाईंचा मला दिवाळीला फोनसुद्धा आला.

आईनं मला दुकानातली लोकर आणायला का सांगितलं, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. तिला माझ्यावर भरवसा नव्हता असं नाही. कातायला बसले की तुटणार, तुटलं की चार लोकांत विचारणार, हिला कसं येत नाही म्हणून, आणि त्याचं उत्तर तिलाच द्यावं लागणार, हे तिला दिसत होतं. मला शाळा शिकवली, हे तिनं आयुष्यात केलेलं सगळ्यात मोठं काम. गावात ती त्याच्यावरच ताठ चालायची. आणि परक्या बायकांपुढं त्याच कामाची तिला माफी मागावी लागली, माझ्यामुळं.

एवढंच असतं तरी मी कधीतरी तिच्याजवळ जाऊन बोलले असते. पण मग भावानं लग्नाचा व्हिडिओ पाठवला. व्हिडिओवाल्यानं काही कापलं नव्हतं, सगळं होतं त्यात. आई पुढं येते, पदर सावरते, हात जोडते. तिच्या मागं मी आहे. ती बोलतेय, "ही चूक माजी हाय," आणि मी मान वर करून तिच्याकडं बघतसुद्धा नाहीये. मी मूठ उघडून, खाली वाकून, माझा जोड नीट बसलाय का ते बघतेय.